आठ नंबरचा शर्ट

आमच्या कॉलेजच्या माहितीपुस्तकात मुलींचे नऊ संघ छापलेले असायचे. खो-खो, कबड्डी, हँडबॉल, व्हॉलीबॉल, क्रॉस कंट्री, आणखी काय काय. आणि कॉलेजात खेळणाऱ्या मुली होत्या बारा. त्याच बाराजणी सोमवारी कबड्डीचा संघ असायच्या आणि गुरुवारी हँडबॉलचा. हँडबॉलचा चेंडू मी आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतला तो थेट सामन्यात. तो एवढा जड असतो हे कोणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे तो आधी माझ्या पायावर पडला. त्या स्पर्धेला मोजकीच कॉलेजं आली होती, म्हणून आम्ही सगळे सामने हरूनही तिसरे आलो. तिसऱ्या नंबरालाही गुण असतात, वर्षाच्या शेवटी सगळ्या खेळांच्या गुणांची बेरीज होते, आणि ज्या कॉलेजची बेरीज मोठी त्याला फिरती ढाल मिळते. ती ढाल प्राचार्यांच्या खोलीत काचेच्या कपाटात राहते. एवढ्यासाठी आम्ही नऊ खेळ खेळत होतो. माझ्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचं फाटक ओलांडलेलं नव्हतं, त्यामुळे कॉलेज म्हणजे असंच असणार, असं मी धरून चालले होते.

आता या गोष्टीला बरीच वर्षं झाली. शहराचं नाव बदललं, मी चाळिशी ओलांडली, एका शाळेत शिकवते. माझी मुलगी म्हणते, आई, तुझा तो किस्सा सांगताना तू अजून दात खातेस. खाते. राग धरू नये, माणूस आतून जळतो, असं आमच्या शिक्षकांच्या शिबिरात एक बाई दरवर्षी येऊन सांगतात. मी मान डोलावते. पण काही राग असे असतात की ते सोडून दिले तर ज्यांनी ते दिले त्यांचीच सोय होते.

आम्ही बजाजनगरला राहत होतो, दोन खोल्यांत. दादा, म्हणजे माझे वडील, वाळूजच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर होते. पत्र्यावर दणका, पुन्हा पत्रा, पुन्हा दणका. त्या दणक्यांनी त्यांचे कान कधीच घेतले होते. त्यामुळे आमच्या घरात सगळे ओरडूनच बोलायचे. मीठ द्या म्हणायचं तरी ओरडून. नवीन शेजारी राहायला आले की त्यांना पहिले काही दिवस वाटायचं, या घरात रोज भांडणं होतात. माय हसून सांगायची, "भांडण नाय ओ बाई, आमी भाजीचं इचारायलो." या ओरडण्याची मला लहानपणापासून इतकी लाज वाटायची की घराबाहेर पडले की माझा आवाज आपोआप बसायचा. वर्गात हजेरी घेताना माझं 'हजर' सरांपर्यंत पोचायचं नाही. माझी हजेरी त्यामुळे कायम कमी असायची.

माय एकट्या राहणाऱ्या कामगारांना डबे करून द्यायची. पहाटे पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आत तिच्या भाकरी थापून झालेल्या असत. परातीवर पडणारी थाप, स्टोव्हचा फुरफुराट आणि कंपनीच्या बसचा हॉर्न, एवढ्या आवाजांवर माझी सकाळ उभी होती. येसर घालून केलेल्या आमटीचा वास माझ्या ओढणीला कायम असायचा. क्रांती चौकाकडे जाणाऱ्या बसमध्ये मी खिडकीपाशी उभी राहायचे, का तर तो वास उडून जावा. सरावाच्या दिवशी माय माझ्या डब्यात धपाटे जास्तीचे द्यायची. "त्या बाकीच्या पोरींनाबी दे. रिकाम्या पोटी पळायल्यात मेल्या." कॉलेज आम्हाला खाऊ म्हणून प्रत्येकी एक केळं द्यायचं, आणि तेही मुलांच्या क्रिकेट संघाचं वाटून झाल्यावर.

खरं सांगायचं तर त्या नऊ खेळांतला एकच आमचा होता, खो-खो. तो आम्ही सगळ्या शाळेपासून खेळत आलो होतो आणि त्याला मातीखेरीज काही लागत नाही. आणि त्या खेळात आमच्यात मुमताज होती.

मुमताज हर्सूलची. तिचे अब्बा रिक्षा चालवायचे. सकाळी पहिली फेरी म्हणून ते तिला मैदानाच्या फाटकाशी सोडायचे, आणि ती आत जाऊन, सलवार उतरवून आत घातलेल्या ट्रॅक पँटमध्ये मैदानावर दिसेपर्यंत तिथंच थांबायचे. मग हॉर्न वाजवून निघून जायचे. मुमताज उंच होती, हाडकुळी, चालताना जरा वाकून चालायची. पण मैदानाच्या टोकाला जो खांब असतो, त्याच्याभोवती पळणारी मुलगी वळायला लागली की मुमताज सगळं अंग झोकून द्यायची, एका हातानं खांब धरायची आणि दुसऱ्या हातानं त्या मुलीची टाच टिपायची. खाली पडल्यावर तोंडात माती घेऊन हसायची. मी आजवर पुष्कळ मुलींना ती झेप घेताना पाहिलं. सगळ्या आधी पाय आवळतात, मग उडतात. मुमताजचं आवळणं दिसायचंच नाही. मी कप्तान होते, कारण मी कधी कोणाशी वाद घालत नसे. खेळाच्या सरांना तशीच कप्तान हवी होती. खेळात आमची कप्तान तीच होती.

आम्ही दोघी डबे बदलायचो. तिला माझे धपाटे आवडायचे आणि मला तिच्या घरची खट्टी दाळ. खाता खाता ती मला तिच्या घरातली बोलणी सांगायची. दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात एक दिवस तिनं सांगितलं, "फुफी के घर से रिश्ता आया है. अब्बा बोले, पढ़के क्या करेगी."

मी विचारलं, "मग?"

"मग मैं बोली, अब्बा, मेरेकू विद्यापीठाच्या संघात घेणार आहेत. कोट मिलता है, मालूम? निळा कोट, खिशावर शिक्का. अब्बा हसने लगे. बोले, कोट आया तो तीसरा साल भी पढ़ ले. नै आया तो फुफी को हौ बोल देता."

"आणि तू कबूल झालीस?"

"हौ. कायकू नै? कोट तो आ रहा है ना," ती म्हणाली आणि माझ्या डब्यातलं शेवटचं धपाटं उचललं.

तिचं चुकीचं नव्हतं. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आम्ही त्या वर्षी एकेक सामना जिंकत अंतिम फेरीत गेलो, आणि प्रत्येक सामन्यात खांबापाशी तिनंच मुली टिपल्या. विद्यापीठाचा संघ अंतिम सामना बघून निवडतात. निवड समितीचे लोक त्या दिवशी खुर्च्या टाकून बसतात, आणि जी मैदानात असते तिलाच बघतात. एवढं साधं होतं. मुमताजनं तो एक सामना खेळायचा होता.

अंतिम सामना आमच्याच कॉलेजच्या मैदानावर होता. आदल्या दिवसापासून मांडव पडला होता. पुढं संस्थेच्या अध्यक्षांसाठी पांढरी चादर घातलेला सोफा, मागं पाहुण्यांच्या खुर्च्या. आमच्यासाठी मांडवात जागा नव्हती. आम्ही सायकल स्टँडच्या पत्र्याखाली बसलो होतो. पाय चोळत होतो, वेण्या आवळून घालत होतो. तेवढ्यात सरांची गाडी आली. क्रीडा विभागाचे हे सर एरवी बाराही महिने डोक्यावर टोपी आणि गळ्यात शिट्टी घालून चिंचेखाली खुर्चीवर बसलेले असायचे. शिकवायच्या नव्या मुलींना जुन्या मुली. त्या दिवशी ते इस्त्रीच्या कपड्यात होते. गाडीतून त्यांच्या मागोमाग एक मुलगी उतरली. हातात बॅग, डोळे तारवटलेले, केसांत अजून प्रवासाची धूळ. पायात मात्र भारी बूट.

"ही वैशाली," सर म्हणाले. "आपल्याच कॉलेजची आहे. आज खेळणार आहे."

आम्ही एकमेकींकडे बघितलं. आपल्या कॉलेजची ही मुलगी आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. नंतर मला कळलं की हे सगळीकडं चालतं. लांबच्या जिल्ह्यातल्या एखाद्या नावाजलेल्या खेळाडूचा प्रवेश आपल्या कॉलेजात करून ठेवायचा. ती कधी वर्गात यायची नाही, गावात राहायची नाही. फक्त महत्त्वाच्या सामन्याला तिला आणायचं. याला तिकडे कोणी लबाडी म्हणत नाही. याला 'संघ बांधणं' म्हणतात.

सरांनी आमच्यावरून नजर फिरवली. भाजीच्या गाड्यावरून फिरवतात तशी. "कोणीतरी एक बाहेर बसा. खांबावर कोण असतं? आठ नंबर ना? आठ नंबर बसू दे."

मुमताज उठून उभी राहिली. तिला वाटलं असावं, दुसरंच काही सांगतायत.

"शर्ट काढून दे हिला," सर म्हणाले. "जास्तीचे शर्ट नाहीत."

शर्ट खरोखरच नव्हते. मुलांच्या संघाचे जुने झालेले शर्ट मागच्या वर्षी आम्हाला मिळाले होते. मोजून पुरले होते, आणि धुऊन धुऊन त्यांच्यावरचे आकडे तडकले होते. मुमताजचा आठ मायनं सुईदोऱ्यानं कडेनं टाके घालून पक्का करून दिला होता.

मी पुढं झाले. "सर, तिचं... आज तिचं..."

"काय?"

"सर, तिला आज खेळणं... तिच्या घरी..."

"मोठ्यानं बोल. घशात काय अडकलंय?"

मला पुढं बोलता आलं नाही. सर म्हणाले, "संस्थेच्या नावाचा प्रश्न आहे. अध्यक्ष साहेब स्वतः आलेत. घरचं पुराण नंतर सांग," आणि मांडवाकडे गेले. मुमताजनं ओढणी अंगावर घेतली, ओढणीच्या आतून शर्ट काढला आणि वैशालीच्या हातात दिला. त्या मुलीनं तो अंगात घालताना एकदा आमच्याकडे बघितलं. तिला काहीतरी खटकलं होतं, पण विचारायला वेळ नव्हता. मुमताज सायकल स्टँडच्या खांबाला टेकून बसली. रडली नाही. तिनं गुडघ्यावरची माती झाडली, जिथं अजून माती लागलीच नव्हती.

नाणेफेक झाली आणि पहिला डाव आमचा पाठलागाचा आला. ज्यांनी खो-खो बऱ्याच वर्षांत पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. आठजणी मैदानाच्या मधोमध एका ओळीत आपापल्या चौकोनात उकिडव्या बसतात, एक सोडून एक उलट्या तोंडानं. नववी पळत असते. तिला दिशा बदलता येत नाही, म्हणून ती बसलेलीच्या पाठीवर थाप देऊन 'खो' म्हणते. बसलेली उठते, पळू लागते, आणि थाप देणारी तिच्या जागी बसते. सगळा खेळ या उठण्याबसण्यावर चालतो. बसलेली उठली नाही तर काय होतं, हे आम्हाला कोणी कधी शिकवलं नव्हतं. कारण असं होतच नाही.

वैशाली चांगली होती. हे मला मान्य करावं लागेल. पहिल्याच झटक्यात ती खांबाकडे गेली आणि समोरच्या संघाची पहिली मुलगी बाद झाली. मांडवात टाळ्या पडल्या. सोफ्यावरचे साहेब पाय खाली घेऊन बसले. आणि सरांचा आवाज आला, "शाब्बास, आठ नंबर! शाब्बास!"

ते ऐकलं आणि माझ्या आत काय झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. मी काही ठरवलं नव्हतं. मी तशी मुलगीच नव्हते. मी पाठमोरी बसले होते, समोर सायकल स्टँडचा पत्रा होता आणि त्याच्याखाली मुमताज. सरांची शाब्बासकी तिच्या नंबराला मिळत होती आणि ती ओढणी घट्ट आवळून बसली होती. तेवढ्यात माझ्या पाठीवर थाप पडली. "खो!"

मी उठले नाही.

"खो!" वैशाली पुन्हा ओरडली. मी जमिनीला हात टेकवले आणि बसून राहिले. एक क्षण ती गोंधळली. मग तिनं विचार केला असावा की हिला लागलं असेल, म्हणून ती पुढच्या मुलीकडे धावली. पुढं सुनीता होती. सुनीतानं माझ्याकडे मान वळवून बघितलं, मग पत्र्याकडे बघितलं. तिला खो मिळाला आणि तीही बसून राहिली. त्यानंतर भारती. भारती घाबरट होती, ती सवयीनं अर्धी उठली, मग नाडी नीट करायचीय असं दाखवत परत खाली बसली. वैशाली ओळीच्या टोकापर्यंत गेली. एकही उठली नाही. आणि तेव्हा ती जी थांबली, ते मला आठवतं. खो-खोमध्ये पळणारीनं थाप दिली की तिला त्या चौकोनात बसायला मिळतं. तिला बसायला एकही चौकोन नव्हता. भर मैदानात ती दुसरीच्या शर्टात एकटी उभी होती, छाती वरखाली होत होती.

पंचांनी शिट्टी मारली. ते माझ्यापाशी आले. "उठ बाई. खो मिळालाय तुला."

"मिळाला, सर."

"मग?"

"नाही उठत."

पंच गृहस्थ भला होता. त्याच्या आयुष्यात असं काही झालं नसावं. त्यानं घड्याळाकडे पाहिलं, मग दुसऱ्या पंचाकडे. तोवर आमचे सर दोरीपाशी पोचले होते. ओरडायला मिळत नव्हतं, कारण मागं साहेब होते. दातओठ खाऊन ते म्हणाले, "ए कप्तान, काय तमाशा आहे हा? उठ."

आणि मग मी बोलले. मला आठवतं ते हे की तो आवाज कॉलेजातला नव्हता, घरातला होता. दादांना ऐकू जावं म्हणून पाठीच्या कण्यापासून काढतो तो. "आठ नंबर तिकडं पत्र्याखाली बसलीय, सर. तिचा शर्ट काढून घेतलाय तुम्ही. ती आत आली की उठतो आम्ही."

निवड समितीचे लोक पत्र्याकडे बघू लागले. मागल्या खुर्च्यांतली पोरं उभी राहिली. साहेबांनी बाजूच्या माणसाला विचारलेलं सगळ्यांना ऐकू आलं, "काय म्हणती पोरगी?" आणि आमचे सर वळून हात जोडत म्हणाले, "काही नाही साहेब, ऊन लागलंय तिला."

ऊन लागलंय. जानेवारीतल्या सकाळी.

पंचांनी पाच मिनिटं दिली. पाच मिनिटं आम्ही आठजणी उकिडव्या बसून राहिलो, आणि उकिडवं बसणं सोपं नसतं, पोटऱ्या पेटतात. सर आमच्या ओळीतून फिरले, प्रत्येकीच्या कानाशी काहीतरी बोलले. एकीला म्हणाले, परीक्षेतले खेळाचे गुण विसर. एकीला म्हणाले, तुझ्या भावाला सांगतो. कोणी उठलं नाही. मुमताजला आत घ्यायला त्यांना एक हाक मारायची होती. ती त्यांनी मारली नाही. सामना हरला तरी चालेल, पण पोरींच्या सांगण्यावरून एक बदल करायचा नाही, हे त्यांनी तिथल्या तिथं ठरवलं होतं. मग शिट्टी झाली आणि सामना समोरच्या संघाला दिला. समोरच्या पोरींनी टाळ्यासुद्धा वाजवल्या नाहीत.

सायकल स्टँडपाशी वैशाली शर्ट काढून हातात घेऊन उभी होती. तिला राग आला होता, आणि तो आमच्यावर होता. "मला सांगितलं होतं इथं पोरी कमी पडतात म्हणून," ती म्हणाली. "रात्रभर एसटीत बसून आले मी. मला असं मधोमध उभं कामून केलं तुम्ही? मी काय चोरी केली?"

तिनं शर्ट मुमताजपुढं धरला. मुमताज म्हणाली, "रख ले. पसीना तो तेरा है अब." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिनं आपल्या बाटलीतलं पाणी वैशालीला दिलं. वैशाली ते प्यायली.

दुपारी निवड जाहीर झाली. वैशालीचं नाव त्यात होतं. निवड समितीतल्या लोकांना तिचा खेळ आधीपासून ठाऊक होता. नावापुढं आमच्या कॉलेजचं नाव होतं. म्हणजे सामना हरूनही आमच्या सरांनी एक मुलगी विद्यापीठाच्या संघात दिली होती. दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी त्यांना हार घातला आणि तो फोटो सूचनाफलकावर लागला. मी त्या फोटोसमोर बराच वेळ उभी राहिले. आम्ही बसलो, पोटऱ्या जाळल्या, सामना घालवला, आणि हार त्यांच्याच गळ्यात होता.

तीन-चार दिवसांनी दादांना कॉलेजात बोलावलं. त्यांनी कामावर सुट्टी टाकली, लग्नासाठी ठेवलेला शर्ट घातला. प्राचार्य हळू आवाजात, सुशिक्षित माणसं बोलतात तसं बोलत होते. दादा म्हणाले, "ओ साहेब, मोठ्यानं सांगा, मला ऐकू येत नाय." प्राचार्यांनी आवाज चढवला. "आणखी जरा," दादा म्हणाले. शेवटी प्राचार्यांना 'तुमच्या मुलीनं संस्थेची बेअब्रू केली' हे इतकं ओरडून सांगावं लागलं की कार्यालयातले कारकून दारात येऊन उभे राहिले. दादांना सगळं ऐकू गेलं. मला वाटलं होतं, ते काहीतरी बोलतील. ते उठले आणि त्यांनी हात जोडले. "पोरगी लहान हाय, साहेब. शिकू द्या तिला. आमच्यात कोणी शिकलं नाय." प्रेसमध्ये दोन बोटांची पेरं गेलेला तो हात होता. मला दादांचा राग आला नाही, त्या दिवशीही नाही. त्या खोलीत प्राचार्यांसकट तीन शिकलेली माणसं होती, आणि त्यांनी ते हात तसेच जोडलेले राहू दिले. एकानंही 'बसा' म्हटलं नाही. ते मी विसरायचं कसं, हे शिबिरातल्या बाईंनी मला सांगावं.

घरी येताना बसमध्ये दादा एवढंच म्हणाले, आणि सगळ्या बसला ऐकू जाईल असं म्हणाले, "नुसती बसलीस व्हय? बाकीच्या पोरीबी बसल्या?" मी मान हलवली. ते खिडकीबाहेर बघत राहिले. मायनं संध्याकाळी मला भाकरी वाढली आणि विचारलं, "त्या मुमताजचं आता काय?"

म्हणून मी हर्सूलला गेले. मुमताजच्या घरी तिची अम्मी तव्यावर रोट्या टाकत होती, अब्बा दारात रिक्षाचं सीट पुसत होते. मी त्यांना सांगायला सुरुवात केली की तिची काही चूक नाही, तिला खेळूच दिलं नाही, खेळली असती तर नक्की. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "बेटा, नाम आया क्या?"

"नाही आलं, पण चाचा..."

"मैंने तो नाम का बोला था."

आतून मुमताज बाहेर आली. "तू चुप रह, छाया. मेरा मैं बोलती." आणि ती बापाकडे वळली. "अब्बा, तुम स्टँड पे लाइन में खड़े हैं. तुम्हारा नंबर आया. दूसरा आके तुम्हारी सवारी उठा के ले गया. तो घर आके अम्मी को क्या बोलते? मेरेकू चलानाच नै आता, ऐसा बोलते?"

अब्बांनी फडकं पिळलं. रोटी करपल्याचा वास आला. मग ते म्हणाले, "एक साल. पढ़ ले. लेकिन वो मैदान नक्को. जिधर से शर्ट उतार के भेजते, उधर मेरी बेटी नै जाती."

मुमताजला वर्ष मिळालं. मला तेव्हा वाटलं, आपण जिंकलो. कोट नाही मिळाला, पण लग्न टळलं, शिक्षण वाचलं. तिनं पुढं पदवी घेतली, आज ती एका शाळेत गणित शिकवते, तिची स्वतःची दुचाकी आहे. लोक मला म्हणतात, मग झालं की सगळं चांगलं. पण मी तिला धावताना पाहिलं होतं. त्या दिवसानंतर ती एकदाही धावली नाही. बस सुटत असली तरी चालत जायची.

जूनमध्ये तिसऱ्या वर्षाच्या प्रवेशासाठी आम्ही दोघी कॉलेजात गेलो. मुमताज खिडकीपाशी रांगेत उभी होती, मी झेरॉक्स काढून परत येत होते. सर व्हरांड्यातून चालले होते. नवं वर्ष, नव्या ढालीची बेरीज. नव्या मुली हेरायचा तो त्यांचा मोसम होता. ते मुमताजपाशी थांबले. तिला खालपासून वरपर्यंत बघितलं. दोन वर्षं ती रोज सकाळी त्यांच्यासमोर त्या मातीत पडत होती.

"उंची चांगली आहे तुझी," ते म्हणाले. "खेळलीस का कधी खो-खो?"

मुमताजनं त्यांच्या तोंडाकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावरचं काही हललं नाही. मी चार पावलांवर उभी होते, हातातले कागद गरम होते.

"नाही सर," ती म्हणाली. "मला धावता येत नाही."

"हरकत नाही," सर म्हणाले. "सकाळी येत जा. शिकवू."